वाचकांचे प्रश्न : मधलं माणूस कोणाचं?

नव्या वाचकांसाठी आधी दोन ओळी. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं मिरज-सांगलीत. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारावं. माणूस दवाखान्यापर्यंत का पोचत नाही, आणि एकदा येऊन गेलेला परत का फिरकत नाही, हे शोधणं माझं काम होतं. या सदरात त्याच प्रश्नांना मी हात घालते. या वेळी कराडच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्यातली अडचण अमेरिकेतली आहे, पण पुढची पत्रं वाचताना तीच मला वाळव्यात आणि कोरेगावातही भेटली.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ती तिथल्या एका संस्थेत लागली आहे. काळ्या कुटुंबांना त्यांच्यासाठी म्हणून आखलेल्या आरोग्य कार्यक्रमांशी जोडून देणं हे तिचं काम. त्यात पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत राहणारे आफ्रिकन-अमेरिकन आहेत आणि सोमालियाहून आलेली कुटुंबंही आहेत. रविवारी फोनवर पोरगी रडकुंडीला आलेली असते. मोफत तपासणी ठेवली, चांगला हॉल घेतला, पत्रकं वाटली, आणि आली मोजकी माणसं. सोमाली बायका म्हणतात हे आफ्रिकन-अमेरिकनांचं आहे, आणि आफ्रिकन-अमेरिकन म्हणतात हे सोमाल्यांचं आहे. मला दोन गोष्टी कळत नाहीत. एवढे मोठे दवाखाने असताना कातडीच्या रंगावरून वेगळा कार्यक्रम कशाला? त्याने भेद वाढणार नाही का? आणि मी इथे बसून तिला काय सांगू?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमचा पहिला प्रश्न तिथल्याही पुष्कळांना पडतो. दवाखान्याने सगळ्यांना सारखं वागवलं असतं तर वेगळ्या कार्यक्रमाची गरज पडली नसती. तसं झालेलं नाही.

अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या परिसरात 1932 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे 600 काळे पुरुष होते, बहुतेक वाट्याने शेती करणारे गरीब. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना सांगितलं की तुमचं रक्त खराब झालंय, आम्ही उपचार करतो. खरं तर रोग तसाच वाढू दिला तर शरीराचं काय होतं, तेवढंच बघायचं होतं. 1947 च्या सुमारास या रोगावर पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला, तरी यांना ते दिलं नाही. फुकट तपासणी, त्या दिवशीचं जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, एवढ्यावर ती माणसं येत राहिली. 1972 मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा हे थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1997 मध्ये देशाच्या वतीने माफी मागितली.

ही हकिकत बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिच्यातल्या एका बाईंकडे मात्र फार कमी लक्ष जातं. युनिस रिव्हर्स नावाच्या परिचारिका. त्या स्वतः काळ्या होत्या. गाडीतून माणसांना तपासणीला न्यायच्या, घरच्यांची विचारपूस करायच्या, कुणी गेलं तर अंत्यविधीला हजर राहायच्या. डॉक्टर बदलत राहिले, रिव्हर्सबाई राहिल्या. लोक विश्वासाने आले ते बाईंकडे बघून, आणि त्याच विश्वासावर ती माणसं चाळीस वर्षं उपचाराविना राहिली. बाईंना दोषी ठरवायला मी बसलेले नाही. त्या काळात एका काळ्या परिचारिकेच्या हातात किती सत्ता असणार? पण 'त्यांच्यातलंच माणूस नेमलं, आता लोक येतील' असं कुणी म्हणालं की मला रिव्हर्सबाई आठवतात. ते मधलं माणूस कोणाच्या बाजूने उभं आहे? लोकांना सगळं खरं सांगायची त्याला मुभा आहे का? 'साहेब, हे चुकतंय' असं वर जाऊन म्हणायची सोय आहे का? तुमच्या मुलीने स्वतःच्या संस्थेत हे तीन प्रश्न आधी विचारावेत. मला तिच्या अडचणीचं मूळ तिथे दिसतं.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आजही अमेरिकेत काळी बाई बाळंतपणात दगावण्याचं प्रमाण गोऱ्या बाईच्या सुमारे तिप्पट आहे. ती शिकलेली असली, पैसेवाली असली तरी ही दरी बुजत नाही. टेनिसवाली सेरेना विल्यम्स आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत. 2017 मध्ये तिचं सिझेरियन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. फुप्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधीपासून होता, त्यामुळे काय होतंय हे तिच्या लक्षात आलं. सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या, असं ती स्वतः सांगत होती. परिचारिकेला वाटलं, वेदनाशामक औषधाने बाईचं डोकं गरगरतंय. शेवटी स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या. हे सगळं सेरेनाने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. जगातल्या नामांकित बाईची ही गत, तर रात्रपाळी करून आलेल्या एखादीचं कोण ऐकून घेणार? वेगळा कार्यक्रम हवा तो यासाठी. तिथे बाईने 'मला दम लागतोय' म्हटलं की समोरचीने तो दम लागतोय असंच मानावं.

आता सोमाली कुटुंबं. टस्कीगीशी त्यांचा काही संबंध नाही. 1991 नंतरच्या यादवीतून, निर्वासितांच्या छावण्यांतून ती माणसं निघाली. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात त्यांची दाट वस्ती आहे. आफ्रिकन-अमेरिकन घरं बरीचशी उत्तर मिनियापोलिसात. एकाची भाषा इंग्रजी, दुसऱ्याची सोमाली. एक घर रविवारी चर्चमध्ये, दुसरं शुक्रवारी मशिदीत. सरकारी फॉर्मवर दोघंही 'काळे' या एकाच रकान्यात बसतात, आणि तो रकाना बघून कुणीतरी एकच हॉल घेतला असणार. उद्या आटपाडीचा माणूस आणि आसामहून इथे कामाला आलेला माणूस यांना 'भारतीय' म्हणून एका शिबिरात एकाच भाषेत बोलावलं तर कोण येईल?

पत्रकांचं म्हणाल तर सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली तीच 1972 मध्ये. जुन्या पिढीचा सगळा व्यवहार तोंडी. बातमी असो, सल्ला असो, भांडणाचा निवाडा असो, माणसाने माणसाला सांगायचा. त्या घरातल्या आजीच्या हातात पत्रक दिलं, मग ते सोमालीत का असेना, तर ती ते नीट घडी घालून ठेवून देईल. तिला साखर असली तर रमजानच्या उपासात गोळ्या कशा घ्यायच्या हे महिनाभर आधी समोर बसून ठरवावं लागतं, आणि बऱ्याच जणींना हे बोलायला बाई डॉक्टर हवी असते.

याच लोकांच्या बाबतीत मिनेसोटात, म्हणजे मिनियापोलिस ज्या राज्यात आहे तिथे, एक फार मोठी किंमत मोजावी लागली. सोमाली मुलांमध्ये गोवराची लस घेण्याचं प्रमाण 2004 मध्ये 92 टक्के होतं, इतर मुलांच्या तोडीस तोड. 2014 पर्यंत ते 42 टक्क्यांवर आलं. मधल्या काळात आयांना दिसत होतं की आपल्या पुष्कळ मुलांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, निघतोय. असं का, हे त्या विचारत होत्या आणि त्यांच्या भाषेत बसून नीट उत्तर कुणी देत नव्हतं. ती जागा लसविरोधी मंडळींनी घेतली. लसीने ऑटिझम होतो असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा 1998 चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला होता. तरी ते गृहस्थ मिनियापोलिसला जाऊन या आयांना भेटले. 2017 मध्ये गोवराची साथ आली, 75 जणांना लागण झाली, त्यात बहुतेक सोमाली मुलं. मग आरोग्य खात्याला सोमाली डॉक्टर, सोमाली कर्मचारी आणि मशिदीतले इमाम यांना बरोबर घेऊन घरोघरी बोलावं लागलं. आया अडाणी होत्या म्हणून लस सोडली असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या आया प्रश्न विचारत होत्या. त्यांना वेळ देणारी माणसं चुकीची होती.

भाषेबद्दल आणखी एक. तिथे नियम आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने दुभाष्या द्यायचा, आणि जीव धोक्यात असल्याशिवाय लहान मुलाला दुभाष्या करायचं नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे काय चालतं ते मी बघितलं आहे. मिरजेत कर्नाटकातून रुग्ण येतात, जतच्या पूर्वेकडून येतात, त्यातल्या कित्येकांना कानडीच येतं. एका रुग्णालयाच्या ओपीडीत एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. डॉक्टर मराठीत विचारत होते, मुलगा आईला कानडीत विचारत होता. पाळी, अंगावरून जाणं, संबंध, हे प्रश्न आले तसा मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, पोटात दुखतंय म्हणते. आईने पदर तोंडावर घेतला. पोटदुखीच्या गोळ्या लिहून झाल्या होत्या. वॉर्डातल्या एक मावशी कागवाडकडच्या होत्या, त्यांना मी बोलावलं. मुलाला चहा प्यायला बाहेर पाठवलं. दोघी जिन्याखाली बाकड्यावर बसल्या, आणि पाळी थांबून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर परत रक्त जायला लागलंय हे पाच मिनिटांत बाहेर आलं. त्यावर तातडीने तपासणी लागते. मावशींच्या पगारपत्रकावर दुभाष्याच्या कामाचा एक रुपया नव्हता. तुमच्या मुलीच्या संस्थेत अशा मावशी असतीलच. त्यांना त्या कामाचा पगार मिळतो का, ते तिने बघावं.

तिला मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायूबद्दलही वाचायला सांगा. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी 1887 मध्ये वसवलेलं हे गाव. 1967 मध्ये तिथे आरोग्य केंद्र निघालं. डॉ. जॅक गायगर त्याच्या मुळाशी होते, आणि गावोगाव बैठका घेऊन लोकांना काय हवंय ते विचारणारे जॉन हॅच त्यांच्या जोडीला. लोकांनी सांगितलं, आधी पोटाला द्या. मग कुपोषित मुलांना केंद्राच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाजी लिहून द्यायला सुरुवात झाली, किराणा दुकानाने माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यावर घालायचं. वरून हरकत आली तेव्हा गायगर यांनी सांगितलं की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर उपचार अन्न हाच दिलाय. पुढे तिथल्या लोकांनी सहकारी शेती काढून भाजीपाला पिकवला. मला यात सगळ्यात भावतं ते हे की गायगर हे शिकले होते दक्षिण आफ्रिकेत. पोलेला नावाच्या ठिकाणी झुलू वस्तीत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने 1940 च्या दशकात सुरू करून घरोघरी जाऊन चालवलेल्या केंद्रात त्यांनी विद्यार्थी म्हणून काम केलं होतं. म्हणजे काळ्या अमेरिकेला उपयोगी पडलेली रीत आफ्रिकेतूनच गेली.

तर मुलीला सांगा, हॉल सोडून दे. दोन समाजांचे दोन वेगळे कार्यक्रम कर. उत्तर मिनियापोलिसात चर्चच्या बायकांकडे आणि केस विंचरायच्या दुकानांत जा, सीडर-रिव्हरसाइडमध्ये बायका दुपारी जिथे बसतात तिथे जा. सुरुवातीला फॉर्म नको, वजनकाटा नको. तुमचं काय दुखतंय आणि मागच्या वेळी दवाखान्यात काय झालं, एवढं ऐकून घे. त्यातून दोन-चार बायका अशा निघतील की बाकीच्या त्यांच्याकडे बघून बोलतात. त्यांना पगारावर घ्यायला लाव, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळते का ते बघ. हे शेवटचं संस्थेला जड जातं. त्यासाठी तिला भांडावं लागेल, आणि भांडायला बळ द्यायला आई लागते.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात आशा आहे. हंगामात आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बहुतेक बीडकडच्या. मी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाते, पण बाया बोलत नाहीत. दिवस गेलेत का विचारलं तर नाही म्हणतात, आणि मग फडातच बाळंत झाल्याचं कानावर येतं. वरून मला विचारतात, नोंद का नाही केली? त्यांना वाटतं मी जातच नाही.
— नाव नको, वाळवा

उत्तर : बाई, तुम्ही जाता हे तुमच्या पत्रातूनच कळतं. न जाणारीला 'फडातच बाळंत झाली' ही बातमी कानावर येत नाही.

ती 'नाही' का म्हणते ते बघा. उचल घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एक जण बसला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पोटुशी आहे हे मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या साली जोडी घेईल की नाही हाही घोर. तुमच्या हातात वही आहे, गळ्यात ओळखपत्र आहे. ती वही कोण वाचतं, तिला काय ठाऊक? म्हणून पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्या, आणि तिला तोंडाने स्पष्ट सांगा की हे मी मुकादमाला सांगणार नाही, कारखान्याच्या माणसाला सांगणार नाही. मग तो शब्द पाळा. मुकादमाच्या बायकोला मध्ये घालून टोळीत शिरायचा मार्ग सोपा दिसतो, तो टाळा.

वेळही बघा. पहाटे अंधारात त्या फडात गेलेल्या असतात, दुपारी मोळ्या बांधणं, मग गाडी भरणं. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकायला किंवा पाणी आणायला बाया येतात ती वेळ कोणती, ते तुमच्या गावात तुम्हालाच माहीत असणार.

प्रत्येक टोळीत एक वयस्क बाई असते जी अडल्यानडल्या बाळंतिणीच्या मदतीला जाते. तिला गाठा. आणि दुसरं, मला हे फार कामाचं वाटतं : 'तुझ्या गावची आशा कोण?' असं विचारा आणि तिथेच फोन लावून द्या. तिचा आवाज ऐकला की बाईचा चेहरा बदलतो. गावाकडची आशा तिला माहेरच्या नावाने ओळखत असते, आधीची बाळंतपणं तिला माहीत असतात, माता-बाल संरक्षण कार्ड निघालं होतं की नाही हेही ती सांगते. कार्ड असेल तर ते कुठल्याही सरकारी केंद्रात चालतं, त्यावरच पुढचं लिहा. नसेल तर तुमच्या केंद्रातून काढा. आणि पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी लोहाच्या गोळ्या बरोबर द्या, किती दिल्या ते कार्डावर लिहा, म्हणजे परत गेल्यावर तिकडची आशा तिथून पुढे धरेल.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. एचआयव्हीची भीती सगळीकडे पसरली होती तेव्हा, 1992 मध्ये, सांगलीत संग्राम संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं. त्या वस्तीत कितीतरी जणी कर्नाटकातून आलेल्या. निरोध वाटणं, एकमेकींना समजावणं, आजारी पडलीला दवाखान्यात घेऊन जाणं, हे त्या बायका स्वतः करायला लागल्या. 1996 मध्ये त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद म्हणून स्वतःची संघटना उभी केली. संघटना झाली आणि दवाखान्यात अपमान झाला तर जाब विचारायलाही त्याच गेल्या. ही गोष्ट जगभरातल्या आरोग्यवाल्यांनी अभ्यासली आहे, आणि ती विश्रामबागेपासून रिक्षाच्या अंतरावर घडलेली आहे.

वरून विचारणा होते त्याचं उत्तर तोंडी देऊ नका. शेऱ्याच्या रकान्यात लिहा : 'खाड्याच्या भीतीने माहिती देत नाही. संध्याकाळच्या भेटीची व कोपीवर सत्र घेण्याची गरज.' दर महिन्याला लिहा. गटप्रवर्तकांना तसंच लिहायला सांगा. एकीने लिहिलं तर तक्रार म्हणतील, दहा जणींनी लिहिलं की वैद्यकीय अधिकाऱ्याला ते बैठकीत मांडावं लागतं.

प्रश्न : मी नर्सिंगला आहे. सिकलसेल हा आफ्रिकन वंशाच्या लोकांचा आजार असं वाचलं. मग आपल्याकडे त्याची एवढी तपासणी कशाला?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सिकलसेल हा लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, तो एका वंशाचा नाही. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथल्या लोकांत हा दोष टिकला, कारण एकाच पालकाकडून तो आला तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत आहे तसा अरबस्तानात आहे, आपल्या विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आहे. अमेरिकेत साधारण दर 13 काळ्या बाळांमागे एक वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेलं, असतं. आपल्या देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं.

तुम्ही पुढे तपासण्या कराल म्हणून एक जोडून सांगते. 1971 च्या सुमारास अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेने आपल्या वस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली, तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. 1972 मध्ये सरकारने कायदा केला. काही राज्यांनी घाईने तपासणी सक्तीची केली, पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे समजावून सांगायला कुणी ठेवलं नाही. वाहक निघालेल्यांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे अशा मुलांना 1981 पर्यंत बंद होते. तुमच्या हातून रिपोर्ट देताना बाजूला बसवून पाच मिनिटं बोला, आणि लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

प्रश्न : माझं कोरेगावला केशकर्तनालय आहे, वडिलांपासूनचं. अमेरिकेत न्हाव्यांनी बीपी तपासून लोकांचं बीपी खाली आणलं असा व्हिडिओ गिऱ्हाइकाने दाखवला. हे खरं आहे का? मी मशीन घेऊन ठेवलं तर चालेल का?
— एक सलूनचालक, कोरेगाव

उत्तर : दादा, खरं आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला.

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी 52 दुकानांत हा प्रयोग केला, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बीपी वाढलेले 319 काळे पुरुष त्यात होते. काही दुकानांत कारागिराने फक्त सांगायचं : मीठ कमी करा, डॉक्टरकडे जा. बाकीच्या दुकानांत कारागीर बोलायचा आणि औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन, डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे, गोळ्या सुरू करून द्यायचे. सहा महिन्यांत पहिल्या गटात वरचा आकडा सरासरी 9 ने उतरला, दुसऱ्यात 27 ने. म्हणजे तुमच्या नुसत्या बोलण्यालाही वजन आहे, पण खरा फरक पडला तो औषध दुकानापर्यंत आलं म्हणून.

आपल्याकडे औषधतज्ज्ञाला गोळ्या लिहून देता येत नाहीत, आणि तुम्ही तर अजिबात देऊ नका, गिऱ्हाइकाने शेजाऱ्याची गोळी घेतली तरी अडवा. तुमची जोडी उपकेंद्राशी जमवा. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिशीच्या पुढच्यांची बीपी आणि साखर तपासायचं काम त्यांच्याकडे आहेच, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता, तेव्हा केंद्रातल्या माणसांना ही गोष्ट नवी नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी त्यांनी दुकानात येऊन बसावं, असं ठरवून घ्या. सुट्टीच्या दिवशीचं काम आहे, म्हणून ग्रामपंचायतीमार्फत लेखी विनंती करा. ते आले नाहीत तर नुसते आकडे सांगून लोकांना घाबरवायचं काम तुमच्या गळ्यात पडेल. तसं होऊ देऊ नका.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल घ्या, मनगटावरचं नको. पैलवान गिऱ्हाइकं असतील तर मोठा पट्टाही घ्या, लहान पट्टा जाड दंडावर आकडा जास्त दाखवतो. कटिंगच्या खुर्चीत मान मागे टाकून मोजू नका. वाट बघायच्या खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला टेबलावर, बाही वर. आधी पाच मिनिटं शांत बसायला सांगा. नुकताच चहा झाला असेल, तंबाखू-गुटखा तोंडात असेल, जिना चढून आला असेल, तर अर्ध्या तासाने. मोजताना त्याच्याशी बोलू नका, हे तुम्हाला अवघड जाईल. एक मिनिट थांबून परत मोजा.

आकडा मोठ्याने सांगू नका. दुकान भरलेलं असतं, आणि 'अमक्याला बीपी आहे' हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. त्यात मुलाचं लग्न ठरत असेल तर तो माणूस परत तुमच्याकडे दाढीलाही येणार नाही. चिठ्ठीवर तारीख आणि आकडा लिहून हातात द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. वेगवेगळ्या दिवशी 140 वर 90 किंवा त्याहून जास्त आला तर उपकेंद्रात पाठवा. 180 वर 120 च्या पुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. त्याच्या जोडीला छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं किंवा एका बाजूचा हात लुळा वाटत असेल, तर परत मोजत बसू नका, 108 ला फोन करा.

एखादा तीन महिने आला नाही तर त्याला हटकायचा हक्क तुम्हाला आहे, डॉक्टरला तेवढा नाही. फोन करा, 'केस वाढले असतील, या' म्हणा, आणि आल्यावर गोळ्या संपल्यात का ते विचारा. पैसे परवडत नसतील, केंद्रात गोळ्या मिळाल्या नसतील, कुणी तिथे तोडून बोललं असेल, जे सांगेल ते लिहून ठेवा, आणि रविवारी आरोग्य अधिकारी आले की पहिल्यांदा तीच वही त्यांच्यासमोर उघडा.